फुली मारूनही न थांबणारा ब्राउजर

“काल अपडेट आलं आणि तेव्हापासून ब्राउजर नीट बंदच होत नाही.” ही तक्रार पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीपेक्षा आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात जास्त जाचते. तिकडे माणशी एक संगणक असतो आणि बिघडला तर दुसरा मिळतो. इकडे एका संगणकावर निम्म्या गावाची कामं चालतात. सेवा केंद्रात सकाळी सातबारा, दुपारी उत्पन्नाचा दाखला, संध्याकाळी कुणाच्या तरी पोरीचा प्रवेशअर्ज. काजूच्या कारखान्यातला हिशेबनीस महिन्याच्या वीस तारखेआधी जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या घाईत. अशा वेळी फुली मारली, खिडकी गेली, आणि पुन्हा ब्राउजर उघडायला जावं तर काहीच घडत नाही. फायरफॉक्स असेल तर तो निदान बोलतो तरी: मी आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही, जुनी प्रोसेस बंद करा किंवा संगणक रिस्टार्ट करा. क्रोम आणि एज बहुतेक वेळा तेवढंही सांगत नाहीत.

पडद्यावर कुठेच न दिसणारी गोष्ट चालू कशी असेल? उत्तर त्या फुलीपासूनच सुरू होतं.

फुलीवर क्लिक केलं म्हणजे आपण ब्राउजर बंद केला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विंडोज त्या खिडकीला फक्त एक निरोप धाडतं: आवरतं घे. तो मानायचा का आणि किती वेळात मानायचा, हे प्रोग्रॅम ठरवतो. अर्ज अर्धवट भरलेला असेल तर ब्राउजर उलट विचारतो की पान सोडायचं का, बदल जतन होणार नाहीत. डाउनलोड चालू असेल तरी विचारतो. कधी कधी हा प्रश्न दुसऱ्या खिडकीच्या मागे दबून राहतो आणि माणूस समोर बसून चडफडत राहतो. न बंद होणाऱ्या ब्राउजरचं कारण कित्येकदा इतकं किरकोळ निघतं. म्हणून पहिलं काम म्हणजे खालच्या पट्टीवर ब्राउजरच्या चिन्हाखाली एखादी उघडी खिडकी उरली आहे का, ते बघणं.

खिडकी गेल्यानंतरही आत बरंच काम शिल्लक असतं. बाजारपेठेतलं दुकान बंद होताना शटर अर्धं खाली येतं, पण आत गल्ला मोजणं आणि वहीत शेवटच्या नोंदी करणं चालूच असतं, तसं. पाहिलेल्या पानांचा इतिहास, कुकीज हे सगळं ब्राउजर डिस्कवर छोट्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. त्यासाठी फायरफॉक्स आणि क्रोम दोघंही एसक्यूलाइट नावाची एकच प्रणाली वापरतात. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती 2000 साली लिहिली आणि आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ती आहे. बंद होताना या नोंदी पुऱ्या कराव्या लागतात, एक्स्टेन्शनना, म्हणजे ब्राउजरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमना, आवरायला सांगावं लागतं, आणि ‘बंद करताना सगळा इतिहास पुसून टाक’ असं सेटिंग कुणी करून ठेवलं असेल तर ती झाडलोटही तेव्हाच होते. जुन्या, फिरत्या हार्डडिस्कवर याला अर्धा मिनिट सहज लागतो.

त्यात ब्राउजर आता एकटा नसतो. 2 सप्टेंबर 2008 रोजी गूगलने क्रोम बाजारात आणला तोच मुळी अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चालणाऱ्या तुकड्यांत, विभागलेला. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचावेत, हा हेतू. फायरफॉक्सने ही वाट बऱ्याच उशिरा धरली. ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या 48व्या आवृत्तीपासून. मग 2018च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष उघड झाला. एका वेबसाइटने दुसरीची माहिती चोरू नये म्हणून क्रोमने त्याच वर्षी 67व्या आवृत्तीत वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली. त्यामुळे आज चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की एकाच ब्राउजरच्या नावाने पंधरा-वीस ओळी दिसतात. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. तसं काही नसतं. त्यातली एक प्रोसेस मुख्य असते आणि बाकीच्या तिच्या हाताखालच्या. मुख्य प्रोसेस थांबली की बाकीच्या आपोआप जातात. अडकते ती बहुधा मुख्यच, नाहीतर एखादी हाताखालची, जिच्यासाठी मुख्य प्रोसेस ताटकळत उभी असते.

आता आजऱ्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात पावसाळ्यात काय चालतं ते बघा. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, बाकावर चार माणसं, टेबलामागे एकटा पोरगा.

“काय रं, सर्वर गेला काय?”

“सर्वर हाय मामा, हे आपलंच अडकलंय. थांबा की जरा.”

पोरगा ब्राउजरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करतो. काही होत नाही. पुन्हा करतो, मग सात-आठ वेळा. इथे नेमकं काय होतं ते कळलं तर तो हे करणार नाही. प्रत्येक क्लिकसरशी ब्राउजरची नवी प्रत जागी होते आणि आधी बघते की याच प्रोफाइलवर, म्हणजे ब्राउजरच्या नोंदींच्या या फोल्डरवर, आणखी कुणी बसलं आहे का. बसलं असेल तर ती आपलं काम त्या जुन्या प्रतीकडे सोपवते आणि निघून जाते. एका प्रोफाइलवर एकाच वेळी दोघांनी लिहिलं तर नोंदींचा चुथडा होईल, म्हणून ही शिस्त. जुनी प्रत अडकलेली असल्याने सोपवलेलं काम तिथेच पडून राहतं. म्हणजे क्लिक वाया जातात असं नाही, ते रांगेत जाऊन बसतात. मग कधीतरी गाठ सुटते आणि एकदम चार-पाच खिडक्या धडाधड उघडतात. बाकावरची मंडळी हसतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे पॉवरचं बटण दाबून धरणं. हे मात्र टाळायला हवं. एसक्यूलाइट अचानक वीज जाण्याला तोंड देईल अशीच लिहिलेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण जुनी हार्डडिस्क, सोबत चालू असलेलं विंडोजचं अपडेट आणि अर्धवट लिहिलेली फाइल या तिघांची गाठ पडली तर नुकसान ब्राउजरपुरतं राहत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या कुशीत वीज तशीही न सांगता जाते. तिच्या जोडीला आपणही कशाला लागायचं?

बरं, अपडेटचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही.

विंडोजचा एक जुना नियम आहे: जो प्रोग्रॅम चालू आहे त्याची फाइल बदलता येत नाही. मग चालू ब्राउजरचं अपडेट होणार कसं? क्रोम नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी, आवृत्तीच्या क्रमांकाच्या नावाचं वेगळं फोल्डर करून ठेवतो, आणि ब्राउजर पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडेल तेव्हा अदलाबदल करतो. फायरफॉक्सही नवी आवृत्ती बाजूला तयार ठेवतो आणि पुढच्या सुरुवातीला जागेवर बसवतो. दोघांनाही एकच गोष्ट लागते, ती म्हणजे जुनी प्रत खरोखर थांबणं. तुमचा ब्राउजर गेले कित्येक दिवस नीट बंद होत नसेल, तर एरवी ते कळत नाही, कारण पुन्हा उघडल्यावर तीच जुनी प्रत नवी खिडकी दाखवते आणि काम चालू राहतं. अपडेटच्या दिवशी मात्र अदलाबदल अडते, आणि लपलेलं दुखणं त्या दिवशी बाहेर येतं. दोष जुना असतो; नाव अपडेटचं होतं.

क्रोमच्या मेन्यूच्या ठिकाणी येणारा रंग याच वाट बघण्याचा असतो. नवी आवृत्ती तयार होऊन दोन दिवसही झाले नसतील तर हिरवा, चारेक दिवस झाले तर नारिंगी, आठवडा उलटला तर लाल. पूर्वी दर सहा आठवड्यांनी येणारी क्रोमची मोठी आवृत्ती सप्टेंबर 2021 पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली, आणि ऑगस्ट 2023 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या आठवड्याला येऊ लागल्या. इतक्या वेळा अपडेट येत असेल तर कुठलाही बिघाड ‘काल-परवाच्या अपडेटनंतर’ झालेला असणारच. या योगायोगाला पुरावा समजू नये.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 13 जानेवारी 2022 चं आहे. गुरुवार होता, आपल्याकडे भोगी. भारतात दुपारचे साडेबारा वाजून गेले होते, युरोपात सकाळचे आठ. जगभर फायरफॉक्स अचानक गोठला. पानं उघडेनात, आणि जवळपास दोन तास हा गोंधळ चालला. फायरफॉक्सची 96वी आवृत्ती दोनच दिवस आधी, 11 जानेवारीला आली होती. साहजिकच सगळ्यांनी बोट तिच्याकडे दाखवलं.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पुढच्या महिन्यात या घटनेचा तपशीलवार पंचनामा जाहीर केला, आणि तो कुणीही वाचावा असाच आहे. अपडेटने काहीच केलं नव्हतं. फायरफॉक्स आपल्या वापराची तांत्रिक माहिती मोझिलाच्या सर्व्हरकडे पाठवतो. ते सर्व्हर गूगलच्या क्लाउडवर होते, आणि तिथल्या एका सेटिंगमध्ये बदल झाल्याने एचटीटीपी-3 ही नवी संपर्कपद्धत तिथे आपोआप चालू झाली. फायरफॉक्सच्या एचटीटीपी-3 च्या कोडमध्ये एक दोष आधीपासून दडून होता. पाठवायच्या मजकुराची लांबी सांगणारी एक ओळ असते. तिच्या नावात कॅपिटल अक्षरं असतील असं तो कोड धरून चालला होता. फायरफॉक्सचाच दुसरा एक भाग मात्र ती ओळ सगळी स्मॉल अक्षरांत लिहीत होता. नियमाप्रमाणे दोन्ही सारखंच. कॅपिटल-स्मॉलची भानगडच नसलेल्या लिपीत वाढलेल्या आपल्याला तर हा वाद हास्यास्पद वाटेल. पण त्या कोडला ती ओळ सापडलीच नाही. पाठवायला मजकूरच नाही असं एक भाग म्हणे, मजकूर आहे असं दुसरा म्हणे, आणि दोघं एकमेकांना पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. कधीही न संपणारा फेरा.

हा फेरा फायरफॉक्सच्या ज्या धाग्यात, म्हणजे प्रोसेसच्या आत चालणाऱ्या कामाच्या एका साखळीत, चालला होता, त्याच एका धाग्यातून नेटवरची सगळी ये-जा होते. तोच अडकल्यावर बाकी सगळं ठप्प. आणि बंद करायला जावं तर ब्राउजर आपल्या प्रत्येक धाग्याला काम आटोपायला सांगतो. फेऱ्यात गरगरणाऱ्या धाग्यापर्यंत तो निरोप पोचणार कसा? सर्व्हरवर एचटीटीपी-3 बंद केल्यावर नव्याने कुणी अडकेना, पण जो आधीच अडकला होता त्याला प्रोसेस मारून पुन्हा सुरू करण्यावाचून मार्ग नव्हता. दुसऱ्याच दिवशी, संक्रांतीला, 96.0.1 ही दुरुस्त आवृत्ती आली. म्हणजे ज्या अपडेटवर लोक चिडले ते निर्दोष होतं, आणि दोष काढला तो पुढच्या अपडेटनेच. घाबरून ज्यांनी अपडेट बंद करून टाकली असतील, त्यांच्या संगणकात तो दोष तसाच राहिला.

आता आपल्या संगणकाकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. ब्राउजर चालू असताना तो वर ‘ॲप्स’ या गटात दिसतो. खिडकी गेली पण प्रोसेस उरली असेल तर तो घसरून खाली ‘बॅकग्राउंड प्रोसेसेस’मध्ये जातो. तिथे तो सापडला की लगेच ‘एंड टास्क’ दाबायची घाई करू नका. समोरचे आकडे आधी वाचा, कारण निदान तिथेच आहे.

डिस्कचा आकडा हलत असेल तर ब्राउजर काहीतरी लिहितो आहे. त्याला लिहू द्या, मिनिटभर थांबा. सीपीयूचा आकडा एकाच जागी चिकटून बसला असेल, तर तो फेऱ्यात आहे. विंडोज ज्या संगणकात चार प्रोसेसर मोजतं, तिथे एक धागा अडकला की आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहतो; आठ असतील तर बाराच्या आसपास. हा आकडा मिनिटभरात खाली आला नाही तर थांबून उपयोग नाही. आणि डिस्क शून्य, सीपीयूही शून्य, तरी प्रोसेस जागची हलत नाही, असं असेल तर ब्राउजर स्वतः काही करत नाही, तो कुणाची तरी वाट बघतो आहे. कुणाची, ते शोधायचं. छपाईचं काम बंद प्रिंटरकडे पाठवलेलं असतं. अँटिव्हायरस एखादी फाइल तपासायला धरून बसलेला असतो. कधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उत्तर देत नाही. माझ्या मते वाट बघत अडकण्याचा हा तिसरा प्रकारच गावाकडे सगळ्यात जास्त भेटतो, कारण संगणक जुने आणि त्यांच्यावर एकाच वेळी दोन-दोन अँटिव्हायरस बसवलेले.

फायरफॉक्समध्ये यासाठी एक राखणदारच ठेवलेला आहे. बंद होण्याचं काम साधारण मिनिटभर अडून राहिलं, तर तो ब्राउजरला मुद्दाम क्रॅश करतो आणि नेमकं काय अडलं होतं त्याची नोंद करून घेतो. मग अहवाल पाठवण्याबद्दल विचारणारी खिडकी येते. लोक ती वैतागून बंद करतात. पाठवावा तो अहवाल. दोष कुठे आहे हे बनवणाऱ्यांना अशाच अहवालांतून कळतं.

मिनिटभर थांबूनही प्रोसेस उरली तर ब्राउजरच्या मुख्य नावावर क्लिक करून ‘एंड टास्क’. पुढच्या वेळी ब्राउजर म्हणेल की मागच्या खेपेस तो नीट बंद झाला नव्हता, टॅब परत आणू का. हो म्हणा. मात्र अर्ज भरून पैसे भरायच्या पानावर अडकला असाल, तर ते पान तसंच परत उघडू नका. आधी त्या संकेतस्थळावर नव्याने लॉगिन करून व्यवहाराची स्थिती बघा, नाहीतर फी दोनदा कापली जायची. आणि एक सावधगिरी: सेवा केंद्रांत अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस किंवा डिजिटल सहीचा छोटा प्रोग्रॅम हे ब्राउजरपासून वेगळे चालत असतात. यादीत अनोळखी दिसलं म्हणून त्यांना मारू नका.

फायरफॉक्सची एकही प्रोसेस यादीत नाही आणि तरी ‘आधीच चालू आहे’ असं येत असेल, तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘पॅरेंट डॉट लॉक’ नावाची इवलीशी फाइल मागे राहिलेली असू शकते. या प्रोफाइलवर कुणीतरी बसलंय, अशी खूण म्हणून ती ठेवलेली असते. तेवढीच फाइल काढून टाकायची. शेजारच्या कुठल्याही फाइलला हात लावायचा नाही, कारण तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड तिथेच आहेत.

हे एकदाच घडलं तर विसरून जा. रोज घडत असेल तर कारण बहुधा एक्स्टेन्शनमध्ये आहे. फायरफॉक्स उघडताना शिफ्ट दाबून धरला की तो एक्स्टेन्शन बाजूला ठेवून सुरू होतो. क्रोममध्ये मेन्यूतून सगळी एक्स्टेन्शन बंद करून बघावी. आता ब्राउजर नीट बंद झाला, तर अर्धी एक्स्टेन्शन चालू करा. अडकला तर दोषी त्या अर्ध्यांत, नाहीतर उरलेल्यांत. सोळा असतील तर चार फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. एक्स्टेन्शन निर्दोष निघाली तर सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. जुन्या ग्राफिक्स कार्डावर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. त्यानेही भागलं नाही तर नवं प्रोफाइल तयार करून त्यात बघायचं. तिथे ठीक चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये. अँटिव्हायरसचा संशय असेल तर दोनपैकी एक काढा, आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तेवढा ठेवा. परके प्रोग्रॅम ब्राउजरच्या आत आपला कोड घुसवतात म्हणून ब्राउजर कोसळतात, हे गूगलच्या इतकं डोळ्यांवर आलं होतं की 2018 पासून क्रोमने विंडोजवर अशा घुसखोरीला अटकाव करायला सुरुवात केली.

काही वेळा तर बिघाड नसतोच. क्रोमच्या ‘सिस्टीम’ सेटिंगमध्ये, ब्राउजर बंद केल्यावरही पार्श्वभूमीवरची ॲप चालू ठेवावीत असा एक पर्याय असतो आणि तो आधीपासूनच चालू असतो. एजमध्येही तसाच आहे, शिवाय ‘स्टार्टअप बूस्ट’ आहे. पुढच्या वेळी लवकर उघडता यावं म्हणून एज थोडा जागाच राहतो. आठ जीबी मेमरीच्या संगणकावर हे चालून जातं. चार जीबीच्या संगणकावर हे सगळे पर्याय बंद करावेत, फरक लगेच जाणवतो.

‘शटडाउन करून चालू केलं तरी तसंच’ अशी तक्रार असते, तिचंही कारण आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केल्यावर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर झोपवून ठेवतं आणि सकाळी तेच उठवतं. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. ‘रिस्टार्ट’ केलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून अशा बिघाडात शटडाउन करू नका, रिस्टार्ट करा.

खिडकी गेली तरी काहीतरी चालू राहण्याचा दुष्ट प्रकारही होऊन गेला आहे. 2017 च्या अखेरीस सुरक्षा-संशोधकांना अशा वेबसाइट सापडल्या, ज्या ब्राउजरची एक चिमुकली खिडकी उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या मागे दडवून ठेवत. मोठी खिडकी बंद केली तरी ती उरे आणि तुमच्या विजेवर कुणा परक्यासाठी आभासी चलन खणत बसे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आकडा बघितल्यावरच ती पकडली जाई.

जुन्या संगणकांबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. विंडोज 7 आणि 8.1 साठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. त्यानंतर तिथे क्रोमची नवी आवृत्ती आलेली नाही. अशा संगणकावर एखादं वेबपान ‘तुमचा क्रोम जुना झाला, इथे क्लिक करून अपडेट करा’ म्हणत असेल तर ते निखालस खोटं आहे. खोट्या अपडेटच्या वाटेने व्हायरस घुसवणं हा गेल्या काही वर्षांतला चालू धंदा आहे, आणि अशा ‘अपडेट’नंतर ब्राउजर बंद होत नसेल तर वर सांगितलेला एकही उपाय पुरणार नाही, आधी संगणक स्वच्छ करावा लागेल. खरं अपडेट वेबपानातून कधीच येत नाही, ते ब्राउजरच्या मेन्यूत, ‘मदत’ या भागात ‘अबाउट’मध्ये दिसतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. लोकांचे आधार क्रमांक आणि सातबारे ज्या संगणकावरून जातात, तो तरी जुन्या विंडोजवर ठेवू नये.

ब्राउजरची जुनी आवृत्ती शोधून बसवणं हा उपायही सुचवला जातो. तो वाईट आहे. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या जातात, आणि नव्या आवृत्तीने बदललेलं प्रोफाइल जुनीला नीट वाचता येत नाही. फायरफॉक्स तर 2019 पासून असं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडूच देत नाही.

इतकं करूनही हाती काही लागलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे जावं लागेल. जाताना टास्क मॅनेजरमधल्या सीपीयू आणि डिस्कच्या आकड्यांचा फोनवर फोटो काढून न्या, त्याचा निम्मा वेळ वाचेल. आणि तो बघता बघता म्हणालाच की ‘फॉरमॅट मारावा लागेल’, तर त्याआधी दोन कामं स्वतः उभं राहून करून घ्या. फायरफॉक्स असेल तर प्रोफाइलचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या. त्यात बुकमार्क, पासवर्ड सगळं येतं. क्रोम किंवा एज असेल तर नुसतं फोल्डर काढून भागत नाही, कारण त्यांचे पासवर्ड त्या विंडोजच्याच किल्लीने कुलूपबंद असतात आणि फॉरमॅटनंतर ती किल्ली राहत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डची यादी आधी वेगळी एक्सपोर्ट करा, आणि नव्या विंडोजवर ती भरून झाली की पेनड्राइव्हवरून पुसून टाका.